वळूच्या नावावर गायीचे केस

माझा आवाज मोठा आहे. वर्गात फळ्याजवळ उभी राहून मागच्या बाकावरच्या पोट्ट्याला दटावलं तर शेजारच्या वर्गातलाही एखादा दचकतो. माहेरी, वर्ध्याला, वडील म्हणायचे, "हिले भोंगा कायले पाह्यजे, हेच भोंगा हाय." लग्न होऊन कारंजा घाडगेच्या पुढे, हायवे सोडून आत, आमच्या या गावात आले तर इथेही आवाजाचं कौतुकच झालं. ग्रामसभा असो, लसीकरण असो, "मॅडमले सांगा, त्या सांगतीन बराबर." मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? चारचौघांत उभं राहून सांगायला मिळालं की मी खूश. त्या दिवशी समाजमंदिरात डॉक्टरीणबाईंनी आपला मोबाईल माझ्या हातात दिला, तेव्हा माझा घसा बसलेला असता तर किती बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. पण घसा चांगला खणखणीत होता.

आमच्याकडे वळू होता. गवळाऊ जातीचा. ही आमच्या आर्वी-आष्टी-कारंज्याकडची गुरं, पांढरी, हलक्या अंगाची, पळायला चपळ. आता ती फार उरली नाहीत. जर्सी आली, होल्स्टिन आली, ज्याने त्याने दुधाकडे पाहून इंजेक्शनं भरून घेतली आणि गावोगावी गुरांची खिचडी झाली. आमच्या गावात मात्र गवळाऊ टिकली ती माझ्या सासऱ्यांमुळे. त्यांना मी मामाजी म्हणते. मामाजींनी दर पिढीला एक चांगला गोऱ्हा निवडून वळू म्हणून राखला, आणि गावातली, आजूबाजूच्या खेड्यांतली गाय माजावर आली की लोक ती आमच्या अंगणात आणायचे. वळूच्या कामाचा पैसा घ्यायचा नाही, हा मामाजींचा नेम. आणणारा एक नारळ आणि वळूसाठी सरकीच्या ढेपेचा तुकडा आणायचा, बस्स. अर्ध्या गावातल्या वासरांचा बाप आमच्याच दावणीला, म्हणून लोक त्याला गावचा जावई म्हणायचे. फाटकाबाहेरूनच हाक यायची, "जावई हाय का घरी?"

मला सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शहरातली मी, बी.एस्सी. बी.एड. झालेली. एकदा शाळेतल्या दोन बाई घरी चहाला आल्या आणि नेमकी कोणीतरी गाय घेऊन आलं. मी उठून खिडकी लावून घेतली. बाहेर मामाजी जोरात, "धर, धर, दावं सोडू नको!" आणि आत आम्ही तिघी मास्तरणी बिस्किटांकडे बघत बसलेल्या. त्या गेल्यावर मी फणकाऱ्याने म्हटलं, "मामाजी, पाहुणे असले तं जरा मागच्या बाजूनं न्या ना गाय." ते हसले. "गायीले काय मालूम, आपल्या घरी पाहुणे हायेत म्हनून?"

असा त्यांचा स्वभाव. रागवत नसत. गुडघे गेलेले, काठी घेऊन चालायचे, पण सकाळी उठले की आधी कोठ्यात जाणार, वळूच्या पाठीवरून हात फिरवणार, मग चहा. घरातल्या कुणाची एवढी चौकशी नाही जेवढी त्याची.

मग ती योजना आली. गवळाऊची शुद्ध गुरं शोधायची, त्यांची तपासणी करायची आणि निवडक वळूंचं बीज साठवून जिल्हाभर द्यायचं. तपासणी केसांवरून. शेपटीच्या गोंड्यातले केस मुळासकट उपटायचे, पाकिटात घालायचे, त्यावर जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर टाकायचा. हे मामाजींना समजावून सांगायचं काम अर्थातच माझं. मी सातवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. केसाच्या मुळाशी पेशी असतात, पेशीत आईबापाकडून आलेलं सगळं लिहिलेलं असतं, यंत्र ते वाचतं. कोणत्या जातीचं रक्त किती, कोण कोणाचं पिल्लू, सगळं.

मामाजींनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजे केसालेच इचारते का, तुहा बाप कोन?"

"हो, तसंच समजा."

"मंग इचारू दे ना. आपल्याले कायचं भेव?"

भीती त्यांना नव्हती. मला होती. कारण गावात एक कुजबुज फार दिवसांची होती, की या वळूच्या आईला मामाजी गावाला गेले असताना कोणीतरी जर्सीचं इंजेक्शन देऊन गेलं होतं. मामाजी म्हणत, सगळं झूट, मी स्वतः ती गाय पायी चालवत आर्वीकडच्या एका गवळ्याच्या वळूकडे नेली होती. मला दोन्हीतलं काही ठाऊक नव्हतं, तेव्हा मी लग्न होऊन आलेही नव्हते. पण आमचा वळू शेजारीच बांधलेल्या त्याच्या आईपेक्षा, इतर गवळाऊंपेक्षा अंगाने भारी दिसायचा हे मला दिसत होतं. मी एकदा बोलूनही दाखवलं, "मामाजी, आपला वळू अंगानं जरा जास्तच भरलेला नाई वाटत? जर्सीवानी?" ते म्हणाले, "ढेप खाते ना बाप्पा, लोकाइची!" आणि विषय संपला.

पोळ्याच्या सुमारास योजनेचा माणूस घरोघर केस गोळा करून गेला. मी शाळेत होते, मामाजी वावरात होते. संध्याकाळी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एवढंच सांगितलं, "तो केसवाला येऊन गेला. चहा देल्ला त्याले." झालं.

त्यानंतर मामाजी दिवसेंदिवस त्याच गोष्टीवर बोलायचे. "सूनबाई, अजून फोन नाई आला?" जेवताना एकदा म्हणाले, "माहे गुडघे असे. माह्यानंतर कोन राखन वळू? तुहा नवरा तं कचेरीत फायली राखते. हा बी कवातरी मरन. पन याचं बीज तिथं ठिवलं ना, तं माहं काम राहीन." आत्याबाई भाकरी थापत होत्या, त्या म्हणाल्या, "राहीन जी, जेवा आता." मामाजींना त्या वयात दुसरं काही नको होतं. ना तीर्थ, ना माळा. त्या वळूला निवडलं गेलेलं बघायचं होतं, एवढंच.

कापूस वेचणीला आला तेव्हा योजनेच्या, गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. समाजमंदिरात बैठक ठेवली. ज्यांच्या ज्यांच्या जनावरांचे केस गेले होते ते सगळे आले, बघे वेगळेच. मामाजी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून पुढच्या सतरंजीवर बसले. डॉक्टरीणबाई चांगली हुशार पोरगी, पण बोलायची पुस्तकी. "जनुकीय विविधता, अंतःप्रजनन," असं सुरू झालं की लोक एकमेकांकडे बघायचे. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "बाई, आमच्या मॅडमले सांगू द्या." त्या हसल्या, आणि मोबाईल माझ्याकडे दिला. म्हणाल्या, "निकाल रस्त्यातच आलाय, मीही अजून नीट पाहिलेला नाही. नंबर आणि पुढचं वाचा, मी अर्थ सांगते."

मी पदर खोचून उभी राहिले. एकेकाचं नाव घेऊन वाचत गेले. अमक्याची गाय, शुद्ध. टाळ्या. तमक्याची कालवड, त्यात थोडी भेसळ. "अरे राम," आणि हशा. मला रंग चढला होता. आमचा नंबर आला तेव्हा मी मुद्दाम थांबले, मामाजींकडे बघून हसले, आणि म्हटलं, "आता आपला जावई!" सगळे सरसावून बसले. मी वाचलं, "जात, गवळाऊ, शुद्ध. लिंग..." आणि तोंडातून शब्द निघून गेला, "मादी."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, "जावई नाई वं, सून निंगाली!" बाप्पा, काय तो हशा. पोरं सतरंजीवर लोळायला लागली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मामाजीही आधी हसले, त्यांना वाटलं मी गंमत करते आहे.

डॉक्टरीणबाईंनी मोबाईल हातात घेऊन पाहिला. त्यांच्या कपाळावर आठी आली. माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "हे केस वळूचे नाहीत. कुठल्यातरी गायीचे आहेत. चूक झालीय काहीतरी."

त्या मला हळू सांगत होत्या. फक्त मला. माझ्या जागी दुसरी कुणी शहाणी असती तर मान हलवून खाली बसली असती. पण लोक विचारत होते, "काय म्हनते, काय म्हनते?" आणि मला तोपर्यंत सगळ्यांना सगळं सांगायची सवय जडलेली. मी खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "वळूच्या नावावर गायीचे केस दिल्या गेले आहेत."

चूक झालीय, हे त्यांचे दोन शब्द मी सांगितलेच नाहीत. का नाही सांगितले, याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्या मनात तेव्हाच येऊन गेलं होतं की मामाजींनी केस बदलले. कुजबुज खरी होती, वळू भेसळीचा होता, आणि निवड व्हावी म्हणून त्यांनी एखाद्या चांगल्या गायीचे केस पुढे केले. माझ्या डोक्यात हे इतक्या झटकन जुळलं की मला दुसरं काही सुचलंच नाही.

हशा थांबला. मग तोच मघाचा म्हातारा शांतपणे म्हणाला, "वळू शुद्ध असता तं केस काऊन बदलवले असते?"

मामाजी काठी टेकून उभे राहिले. "म्या नाई बदलवले," ते म्हणाले. एवढंच. म्हाताऱ्याकडे नाही, गावाकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाले. आणि मी, त्यांची सून, दुसरीकडे बघितलं. सतरंजीच्या काठाला चिकटलेली कापसाच्या बोंडाची सालं बघत उभी राहिले.

डॉक्टरीणबाई बिचाऱ्या सावरत होत्या, अशा चुका होतात, आत्ताच परत नमुना घेऊ. त्या तशाच आमच्या घरी आल्या. मामाजींनी स्वतः वळूची शेपूट धरली, केस उपटू दिले. पाच-सहा लोक फाटकाशी उभे राहून बघत होते, याही वेळी बदलतात की काय म्हणून. त्यांना पाणी विचारायची मला लाज वाटली, आणि न विचारायचीही लाज वाटली.

सगळे गेल्यावर मी घरात आले. मामाजी ओसरीवर बसले होते. मी गप्प बसायला हवं होतं. पण नाही. माझं अंग रागाने नुसतं फणफणत होतं. मी म्हटलं, "मामाजी, वळू शुद्ध नाई तं नाई. मी तं आधीच म्हनत होती का तो जर्सीवानी दिसते. पन हे असं कायले केलं? उद्या शाळेत कोन्या तोंडानं जाऊ मी?"

त्यांनी विचारलं, "तुले पक्कं मालूम हाय का, सूनबाई? भेसळ हाय म्हनून?"

"दिसते ना डोळ्यानं," मी म्हटलं. "सायन्स काय खोटं बोलते?"

सायन्सने तोपर्यंत काहीच म्हटलेलं नव्हतं. वळूचा नमुना तपासलाच गेला नव्हता, हे मला, सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईला, कळत नव्हतं का? कळत होतं. पण मला गावासमोर खाली पाहावं लागलं होतं आणि ते कोणावर तरी काढायचं होतं.

मग ते दिवस आले. शाळेत पोरं दबक्या आवाजात "सून निंगाली" म्हणायची आणि मी वळले की वह्यांत तोंड खुपसायची. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे जावयाचं लिंग तपासून मिळते म्हणे?" मी हसले. हसावंच लागतं. फाटकाशी हाक यायची बंद झाली. ज्यांच्या घरी आमच्या वळूच्या कालवडी होत्या ते लोक वाटेत भेटले तर बोलायचे, पण पूर्वीसारखं थांबायचे नाहीत. आंजी मोठी गावचे एक गृहस्थ दरवर्षी टेम्पोत घालून गाय आणायचे, त्यांचा मला फोन आला. "मॅडम, ऐकलं ते खरं हाय का?" मी म्हणू शकले असते की दुसरा निकाल यायचा आहे, थांबा. मी म्हटलं, "काय सांगू भाऊ, निकाल तं तसाच आला." त्यांनी फोन ठेवून दिला.

घरात मी मामाजींशी बोलत नव्हते. चहाचा कप त्यांच्या खाटेशी ठेवायचा आणि वळायचं. ते पारावर जाईनासे झाले होते. आत्याबाई नेहमीसारख्याच. त्या बैठकीला आल्या नव्हत्या, बायकांनी काय सांगितलं असेल ते असेल, पण त्यांनी त्याबद्दल माझ्याशी कधी काही काढलं नाही आणि मीही त्यांच्याशी काढलं नाही. मामाजींचं जेवण कमी झालं म्हणून त्या कधी चिवडा, कधी सांजोऱ्या पुढे करायच्या.

एका दुपारी शाळेतून आले तर कोठ्यात वळू मान खाली घालून उभा होता. मागचे पाय फाकवलेले. अंगावर मातीचे डाग, पाडलं होतं त्याला. मामाजी समोर पाटावर बसले होते.

"काय झालं याले?" मी विचारलं. कितीतरी दिवसांनी मी त्यांच्याशी बोलत होते.

"बैल करून टाकला," ते म्हणाले. "कारंज्याहून चिमटावाला बोलावला होता, खच्ची कराले."

मी तिथे उभी होते, खांद्याला पर्स, हातात सहामाहीचे पेपर. आता लिहितानाही कानाच्या पाळ्या गरम होतात, पण जे वाटलं ते वाटलं. मला सुटल्यासारखं वाटलं. चला, संपली एकदाची कटकट. आता कोणी म्हणणार नाही की खोट्या वळूच्या नावाने लोकांच्या गायी फसवल्या. मी म्हटलं, "बरं केलं." मामाजींनी मान हलवली. वळूच्या, म्हणजे बैलाच्या, तोंडासमोर ढेप ठेवलेली होती. त्याने तिला तोंड लावलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंचा फोन मधल्या सुट्टीत आला. माझ्या हातात पोरांच्या खिचडीची चव बघायचा चमचा होता.

"मॅडम, अभिनंदन! मामाजींना आधी सांगा. वळू शंभर नंबरी निघाला!"

मला वाटलं माझी थट्टा चालली आहे. पण त्या बोलतच होत्या, आनंदाने. वळू शुद्ध गवळाऊ. भेसळ नावालाही नाही. आणि नुसता शुद्ध नाही. आतापर्यंत निवडलेले वळू एकमेकांचे नातलग निघालेत, सगळे एकाच घराण्यातले, त्यांचंच बीज वापरत राहिलं तर पुढची वासरं कमजोर होतील. आमच्या वळूचं घराणं वेगळं आहे. असा वळू त्यांना हवाच होता. "आणि गंमत सांगू का? पहिले केस कुणाचे होते तेही जुळलं. त्याच्या आईचे! मायलेकाचं नातं अगदी पक्कं दिसतंय. कुणीतरी त्याच्या आईचे केस दिले होते, दुसऱ्या कुणाचे नाही. पुढच्या आठवड्यात गाडी पाठवते, तोवर त्याला जपा."

मी हातातला चमचा खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "मॅडम? ऐकू येतंय ना?"

"ताई, तो आता बैल आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"बैल केला त्याला. महिना होत आला."

मग त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "अहो, पण निकाल यायचा होता ना? का केला?" मीच उलट विचारलं, काही उरतं का, काही करता येतं का. त्या म्हणाल्या, एवढे दिवस गेल्यावर नाही. त्याचा एखादा मुलगा राखलेला आहे का गावात? नव्हता. लोक गोऱ्हे विकतात, नाहीतर बैल करतात. वळू राखायचं काम एका घराचं होतं.

उरलेली शाळा मी कशी केली कोण जाणे. घरी आले तेव्हा आत्याबाई अंगणात तूर निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच विचारलं, "आत्याबाई, तो केसवाला आला होता तेव्हा केस तुमी देल्ले होते का?"

"मंग कोन देईन? घरी मीच तं होती."

"कोणाचे देल्ले?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. त्यांना यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. म्हणाल्या, तो माणूस वळूला भ्यायला, जवळ जाईना, ओसरीवरच चहा पीत बसला, तुम्हीच आणून द्या म्हणाला. आणि तो दिवस खांदमळणीचा होता, पोळ्याच्या आदला. सकाळीच त्यांनी वळूच्या खांद्याला तूप-हळद लावून त्याला जेवणाचं आवतण दिलं होतं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या म्हटलं त्याले, अन् लगेच त्याची शेपूट ओढू? आवतन देल्लेल्या जनावराचा केस उपटते का कोनी? त्या दिसी त्याले काडी लावत नाई आपन. म्हनून त्याच्या मायचे देल्ले. ते बाजूलेच बांधली होती. पोळा काई गायीचा नसते. मायलेकाचं रक्त तं एकच ना, बाई? तूच म्हनत होती ना का मायबापाचं सारं केसात राह्यते म्हनून?"

मीच म्हटलं होतं. अर्धवट सांगितलेलं माझंच विज्ञान त्या मला परत सांगत होत्या.

"मग एवढं झालं तेव्हा सांगितलं काऊन नाई?" मी जवळजवळ ओरडलेच.

"लोक म्हनत केस बदलवले, केस बदलवले. म्या कोठं बदलवले? मले वाटलं तिकडं हापिसात कोनं बदलवले असतीन." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अन् मले कोनं इचारलं?"

कोणीच विचारलं नव्हतं. ज्या बाईने केस दिले तिला सोडून मी सगळ्या गावाशी बोलले होते. मी एकाच चुलीजवळ रोज त्यांच्या शेजारी बसत होते, आणि एका वाक्याचा प्रश्न होता. मग मी त्यांना सांगितलं, काय झालं ते. माय वं, त्या बाईने दोन्ही हात तोंडावर घेतले. मला म्हणाल्या, "त्याइले तू सांग. माह्यानं नाई सांगनं होत."

मामाजी कोठ्यात होते. बैलाला नांगराची सवय लावायची म्हणून जू पुसत बसले होते. मी जाऊन खाली जमिनीवरच बसले, शाळेच्या साडीत. सगळं सांगितलं. वळू शुद्ध होता. सगळ्यांत चांगला होता. त्याचंच बीज हवं होतं. केस आत्याबाईंनी दिले, भोळेपणाने, त्याच्या आईचे. तुम्ही काहीच केलं नव्हतं. मला वाटलं ते काठी उगारतील. मला वाटलं रडतील. उगारली असती तर मी पाठ पुढे केली असती.

त्यांनी जू बाजूला ठेवलं. त्या जनावराकडे वळले. म्हणाले, "शुद्ध होता, नाई?"

"हो मामाजी."

"मले बी तसंच वाटे."

"मग निकाल येईपर्यंत थांबले काऊन नाई तुमी?" मी रडत विचारलं. "दुसरे केस गेले होते ना. काऊन घाई केली?"

"थांबनारच होतो. पन मांग एका बाजाराच्या दिसी एक बाई दुरून पायी गाय घेऊन आलती, तिले काईच मालूम नोतं. गाय तं गाय, त्या बाईच्या बी पायात चप्पल नाई. तिले वापस धाडलं म्या. मंग इचार केला, अशी अजून कोनी येईन, मी घरी नसीन, अन् कोन्या गरिबाच्या गायीच्या पोटी खोट जाईन. ते पाप कोन्या घरी ठिवू?"

"पण तुम्हाला तं माहीत होतं, मामाजी! तुम्ही स्वतः नेली होती गाय, पायी. तुमच्या डोळ्यानं पाहिलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं.

"पाह्यलं होतं," ते म्हणाले. "पन तुनं म्हटलं ना, सूनबाई, भेसळ हाय म्हनून. मले वाटलं, एवढी शिकलेली, माहीत असल्याबिगर कशी बोलन? माह्याच डोळ्याची चूक झाली असंन."